ससा बिळात राहत नाही, मग राहतो कुठे? (पुणे आणि आसपास)

मुरमाड

गवतकापणी सुरू झाली की आमच्या टेकडीवाल्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. बुटाचं खोकं, त्यात जुना टॉवेल, टॉवेलवर अंग चोरून बसलेलं सशाचं पिल्लू, आणि खाली मजकूर: "आई सोडून गेली, बीळ कुठे दिसत नाही, काय खायला घालू?" या आठवड्यात बावधनहून आला, त्याआधी सूसहून. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहितो.

बीळ दिसत नाही, कारण ते नसतंच. आपल्या टेकड्यांवरचा रानससा (लेपस नायग्रिकॉलिस, मानेच्या मागे काळा डाग असतो तो) जमीन उकरून घर करत नाही. तो दिवसभर गवतात बसून राहतो. कुसळीच्या ठोंबाच्या आडोशाला, करवंदीच्या जाळीखाली, घाणेरीच्या बुडाशी, कधी नुसत्या दगडाच्या सावलीला. बसून बसून तिथलं गवत दबतं, माती थोडी खोल होते आणि त्याच्या अंगाच्या मापाचा खळगा तयार होतो. घर म्हणायचं तर तेवढंच.

असा खळगा बघायचा असेल तर पाऊस संपून गवत पिवळं पडायला लागलं की वेताळ टेकडीच्या पठारावर किंवा बावधनच्या मागच्या डोंगरावर, पायवाट सोडून थोडं आत, सावकाश चाला. हातभरही लांब नसतो. मागची बाजू खोल, पुढची उथळ, कारण बसल्यावर सगळा भार मागच्या पायांवर येतो. पाती बाहेरच्या बाजूला झुकलेली असतात. वाकून नीट पाहिलं तर मातीला चिकटलेला एखादा करडा-तपकिरी केस सापडतो. ससा नुकताच उठून गेला असेल तर तळहात टेकवल्यावर ऊब लागते. लेंड्या बहुधा तिथे नसतात. त्या चरायच्या जागी, उघड्या मुरमावर पडतात: गोल, किंचित चपट्या, वाळल्यावर फिक्या, आणि बोटांत चुरगाळल्या तर आत नुसता गवताचा भुसा.

आता पिल्लांचं. सशाचं पिल्लू जन्मतःच अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी येतं. बिळात लपवून वाढवण्याची गरज त्याला नाही, आणि आईला ते परवडणारंही नाही. ती पिल्लांना गवतात ठेवून लांब जाऊन बसते. जवळ बसली तर तिच्या वासावर कोल्हा, मुंगूस, कुत्रा नेमका तिथे पोचेल. दिवसातून एकदा, बहुधा अंधार पडल्यावर, ती येते, काही मिनिटं दूध पाजते आणि परत जाते. राहिलेला सगळा दिवस पिल्लू एकटंच असतं आणि एकटंच असायला हवं. तुम्हाला ते "सोडलेलं" वाटतं, पण ते आपल्या घरात बसलेलं असतं. त्याला उचलून खोक्यात घालणं म्हणजे पळवून नेणं.

बाकीच्यांनी आपापल्या भागातलं लिहा. फक्त ससाच नाही. मुंगूस, साळिंदर, खार, उदमांजर, घूस, कोणीही. कोण कुठे राहतं, तुम्ही काय पाहिलंत.

कोथरूडची_काकू

मुरमाडदादा, छान लिहिलंत. पण मग आमच्या नातवाच्या पुस्तकात ससा बिळातून डोकं काढताना का दाखवलाय? आणि नातीचा पांढरा ससा बाल्कनीतल्या कुंड्या उकरून टाकतो त्याचं काय? तुळस दोनदा लावली.

मुरमाड

काकू, तुमचा पांढरा ससा आणि टेकडीवरचा ससा हे लांबचे नातेवाईक आहेत, एक जात नव्हे. पाळीव सशाच्या झाडून सगळ्या जाती एकाच युरोपीय रानसशापासून आल्या. तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, आणि तो खरोखर बिळात राहतो. एक-दोन नव्हे, बऱ्याच तोंडांची, आत एकमेकांना जोडलेली बिळं, आणि त्यात कुटुंबकबिल्यासह वस्ती. तुमची तुळस त्या सवयीपायी गेली. किती पिढ्या पिंजऱ्यात काढल्या तरी माती दिसली की पाय शिवशिवतात.

पुस्तकातलं चित्र तिकडच्या सशाचं. भारतात तो रानात नाही.

डॉ_शेपूट

प्राण्यांचा डॉक्टर आहे, थोडी भर घालतो.

बिळातल्या सशाचं पिल्लू उघडंबोडकं, डोळे मिटलेलं जन्मतं. मादी त्यासाठी वेगळं छोटं बीळ खणते, त्यात गवत आणि स्वतःच्या पोटावरचे उपटलेले केस अंथरते, आणि बाहेर पडताना तोंड मातीने बुजवते. तीही दिवसातून साधारण एकदाच पाजायला येते. म्हणजे दोघींचाही हिशोब एकच, की पिल्लांपाशी कमीत कमी जायचं. एकीने पिल्लं जमिनीखाली कोंडली, दुसरीने गवतात उघड्यावर ठेवली. म्हणून बिळातली साधारण महिनाभरात जन्माला येतात आणि कच्ची असतात, तर रानसशाची सव्वा-दीड महिना पोटात राहून पळायच्या तयारीनेच बाहेर पडतात. दोघांचा संकर होत नाही, गुणसूत्रांची संख्याच वेगळी आहे. टेकडीवर पाळीव ससे सोडून देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की तिथे त्यांची गाठ रानसशांशी नाही, कुत्र्यांशी पडणार आहे.

पिल्लू सापडलं तर:

जखम नसेल तर जिथून उचललं तिथेच ठेवा. "माणसाचा हात लागला की आई टाकते" हे खरं नाही, परत ठेवायला घाबरू नका. गवत कापून झालं असेल तर शेजारच्या न कापलेल्या पट्ट्यात, शक्य तितक्या जवळ. आणि मग तिथून निघा. लांबून मोबाईल रोखून उभे राहिलात तर आई येणार नाही.

गाईचं दूध पाजू नका. जुलाब लागतात, पोट फुगतं, आणि एवढ्याशा जीवाला तेवढं पुरतं. हाताळण्याच्या भीतीनेसुद्धा ससे मरतात. वरून काही दिसत नाही, शांत बसलेला वाटतो, आणि सकाळी गेलेला असतो. लोक सांगतात "फार माणसाळला होता हो, मांडीवर बसायचा". तो माणसाळलेला नसतो, गोठलेला असतो.

कुत्र्या-मांजराचा दात लागला असेल, पाय मोडला असेल तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी.

आयटीवाला_हिंजवडी

पण डॉक्टर, मी नेटवर वाचलं की लॉनमध्ये छोटासा खड्डा, त्यात केसांचं अंथरूण आणि वरून गवताचं झाकण असतं, त्यात पिल्लं असतात. त्यावर दोऱ्या आडव्या टाकून आई येऊन गेली का ते बघायचं. आमच्या सोसायटीच्या लॉनमध्ये मी शोधत होतो.

डॉ_शेपूट

ते अमेरिकेतल्या कॉटनटेल सशाचं वर्णन आहे. तो तिसराच. मोठी बिळं खणत नाही, पण पिल्लांसाठी उथळ खड्डा करून केसांनी अस्तर लावतो. इंग्रजीत शोधलंत की निम्मी माहिती त्याची येते. हिंजवडीच्या लॉनमध्ये तो सापडणार नाही.

सासवडचा_सुन्या

आमच्याकडं माळावर ससा लहानपणापासनं बघतोय. मुरमाडदादांनी लिहिलंय ते बरोबर आहे, पण एक राहिलं. ससा रोज त्याच जागी बसतो असं नाही. त्याच्या दोन-चार जागा असतात आणि वारं, ऊन बघून तो बदलतो. उन्हाळ्यात बाभळीच्या किंवा बोरीच्या खाली, थंडीत ऊन लागंल अशा उताराला. पावसाळ्यात गवत ओलं झालं की मुरमाड, निचऱ्याच्या जागेला, जिथं बुडाला पाणी साचत नाही.

आणि ज्वारी. ज्वारी उभी असली की ससा तिच्यात येऊन बसतो. काढणीला एका बाजूनं माणसं सरकत आली की तो आत आत जातो. शेवटच्या चार ओळी राहिल्या की मग उठतो, पायाजवळनं, असा की विळा हातातनं पडंल. एक सरळ उडी आणि मग नागमोडी. कुत्रं वळेपर्यंत तो बांधापलीकडं.

जुन्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. वाघर लावून ससे धरायचे तेव्हा बीळ कोण शोधत नव्हतं; उठला की कुठल्या बांधाच्या खिंडारातनं जाणार ते बघून तिथं जाळी लावायची. आता ते बंद झालंय आणि बरंच झालं. गुन्हा आहे.

बीळ बघायचं असंल तर खोकडाचं बघा. ते माळावरच, अगदी उघड्यावर असतं. चार-पाच तोंडं असतात, त्यातली सगळी आत जात नाहीत, काही हातभर जाऊन बंद. कुत्रं चुकीच्या तोंडाला उकरत बसतं. त्याच जागा वर्षानुवर्षं वापरतात. आमच्या गायरानातली एक जागा माझ्या आज्यालाही माहीत होती. उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लं बाहेर खेळतात, तेव्हा तिकडं जात नाही आम्ही. मेंढक्यांनाही सांगून ठेवलंय.

रानजाई

सुन्यादादा, खोकड म्हणजे कोल्हा का?

सासवडचा_सुन्या

नाही ताई. खोकड लहान, शेपटीचं टोक काळं, एकटं-दुकटं. कोल्हा मोठा, ओरडतो तो. कोल्हा उसातही राहतो, खोकडाला मोकळा माळच लागतो.

शनिवारपेठी

माळ-टेकडीचं चाललंय म्हणून गप्प होतो, पण पेठांमध्ये काय कमी आहेत का? आमच्या जुन्या वाड्यात आढ्याला उदमांजराचं बिऱ्हाड होतं. कौलं आणि तक्तपोशी यांच्या मधल्या पोकळीत. दिवसभर ढिम्म. रात्री दहानंतर डोक्यावरून धाड-धाड-धाड. आत्या सांगायची, वाड्यात पूर्वी कोणी तरी विहिरीत उडी घेतली होती म्हणून. मागच्या चौकातल्या उंबराला फळं आली की "विहिरीवाली" जरा जास्तच धावायची.

पहाटे पन्हाळीच्या कडेला विष्ठा पडलेली असायची, तीत नुसत्या बिया. एकाच ठरावीक जागी. आजोबा त्यावरून सांगायचे, आता उंबर संपले, चिकू चालू आहेत.

वाडा पाडला, सहा मजली झाली. सपाट स्लॅब, वर पाण्याच्या टाक्या. ते कुठे गेलं असेल देव जाणे. समोरच्या गल्लीत अजून एक पडका वाडा उभा आहे कोर्टकज्जामुळे, तिथे असावं. पेठेतल्या प्राण्यांना दिवाणी दावे लाभतात हे मात्र खरं.

मुरमाड

शनिवारपेठी, मजा आली वाचून. उदमांजराला मुळात झाडाची ढोली लागते. जुने वड, आंबे गेले तिथे त्याने कौलं धरली. आता कौलंही जातायत. आणि ज्याला तुमच्याकडे "विहिरीवाली" समजायचे, ते उदमांजर उंदीरही फस्त करत असणार. वाडा गेल्यावर उंदीर वाढले का, हे जरा शेजाऱ्यांना विचारा.

वेताळबुवा

सिंहगडाचा विषय कोणीच काढला नाही याचं नवल वाटतं. दर रविवारी अर्धं पुणं तिथे पिठलं-भाकरी खायला जातं आणि ज्या उंदराला गडाचं नाव आहे तो कोणाला माहीत नाही.

मिलार्डिया कोंडाना. कोंढाण्याचा उंदीर. १९७५ साली मिश्रा आणि धांडा यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, सिंहगडच्या माथ्यावर सापडलेल्या नमुन्यांवरून. तोवर तो दुसऱ्या एका शेतउंदराचाच भाऊबंद म्हणून खपून जात होता. रात्री फिरतो, बीळ करून राहतो, झुडपं आणि गवत असलेल्या पठारी जागेत. जगात त्याचा पत्ता म्हणजे हा आपला सह्याद्रीचा एवढासा तुकडा. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे.

गडावर गाड्या लावायला जागा हवी, टपऱ्यांना जागा हवी, सेल्फीसाठी कठड्याजवळचं गवत हवं तसं तुडवायचं. आणि मग खरकटं. खरकट्यावर घरचे काळे उंदीर येतात, मांजरं-कुत्री येतात. गडाच्या उंदराच्या नशिबी हे सगळं. वाघाच्या नावाने वर्गणी निघते, उंदराच्या नावाने कोण काढणार?

कोथरूडची_काकू

उंदीर वाचवायचा हे घरी सांगितलं तर हे मलाच गडावर सोडून येतील.

अर्धा_कप_चहा

लडाखला गेलो होतो तेव्हा दगडांच्या ढिगात एक शेपूट नसलेला, गोल कानांचा "उंदीर" दिसला. ड्रायव्हरने बरंच काही सांगितलं पण इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. इथल्या जाणकारांनी प्रकाश टाकावा.

डॉ_शेपूट

पायका. तो उंदीर नाही, सशाच्या कुळातला. दगडांच्या फटीत नाहीतर बिळात राहतो. ससा तरी कुठे उंदराच्या कुळातला आहे. सशाला वरच्या मोठ्या दोन दातांच्या मागे आणखी दोन छोटे दात असतात, उंदराला ते नसतात.

गुंठा_सम्राट

एवढी चर्चा चाललीय म्हणून स्पष्ट विचारतो. आमच्या प्रभागात टेकडीवर वृक्षारोपण करतो आम्ही दरवर्षी. खड्डे, रोपं, टँकर, सगळं स्वखर्चाने. त्यावर इथलेच काही लोक "गवत राहू द्या" म्हणून आडवे येतात. सशासाठी झाडं लावायची नाहीत का? शहराला ऑक्सिजन नको?

वेताळबुवा

सम्राट, कष्टांबद्दल शंका नाही. पण टेकडीवर काय लावता ते महत्त्वाचं. वेताळ टेकडीवर पूर्वी गिरिपुष्पाची लागवड झाली, जिला उंदीरमारी म्हणतात. भराभर वाढते, शेळ्या फारशा खात नाहीत, फोटोत हिरवी दिसते. आता तिच्याखाली जाऊन बघा. फेब्रुवारीत पाचोळा आणि उघडी माती. गवताचा ठोंब नाही. ससा तिथे बसणार कुठे? तितर, लावे, चंडोल यांचीही तीच गत.

गुंठा_सम्राट

आम्ही देशी झाडं लावतो. वड, पिंपळ, कडुनिंब.

मुरमाड

सम्राट, वड-पिंपळ ओढ्याकाठी, गावात, रस्त्याच्या कडेला लावा, शनिवारपेठींचं उदमांजर दुवा देईल. पण टेकडीच्या माथ्यावर हातभर मातीखाली काळा पाषाण आहे. तिथे निसर्गाने गवत ठेवलंय, मधून मधून खुरटी झुडपं. ती ओसाड जागा नाही, भरलेली आहे. आपल्याकडे सरकारी दप्तरातही माळाला पडीक म्हणायची पद्धत पडली, आणि पडीक म्हटलं की कोणीतरी काहीतरी "विकसित" करायला येतं. कोणी रस्ता आणतं, कोणी रोपं आणतं. सशाच्या दृष्टीने दोन्ही खड्डेच.

आणि खड्ड्यांपेक्षा वाईट म्हणजे वणवा. होळीच्या आसपास कोणीतरी गंमत म्हणून काडी लावतं. बिळातलं जनावर खाली जाऊन वाचू शकतं. घोरपड वाचेल, जर्बिल (माळावरचा बिळात राहणारा उंदीर) वाचेल. सशाचं पिल्लू वाचणार नाही, कारण धोका आला की हलायचं नाही, दबून बसायचं, एवढंच त्याला येतं. कुत्र्यापुढे ही युक्ती कधी चालते, कधी नाही. आगीपुढे चालत नाही.

तुमच्याकडे टँकर आहे आणि माणसं आहेत. दिवाळीनंतर टेकडीच्या पायथ्याने आणि पायवाटांच्या कडेने जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढायला वनखात्याला हात द्या. त्याचा खड्ड्यांपेक्षा जास्त उपयोग होईल.

गुंठा_सम्राट

जाळरेषेचं बघतो. पण रोपं लावणारच. लोकांना रोप दिसतं, गवत दिसत नाही.

सासवडचा_सुन्या

हे बाकी खरं बोललात.

रानजाई

कुत्र्यांचंही कोणीतरी बोला. पाषाणच्या टेकडीवर सकाळी बिस्किटांचे पुडे घेऊन येणारे आहेत. भूतदया ठीक, पण पोट भरलेलं कुत्रंही सशामागे धावतंच. टोळीने धावतात, एक उठवतो आणि दोन पुढून अडवतात. मी स्वतः पाहिलंय आणि काहीच करता आलं नाही. खायला घालायचंच असेल तर आपल्या गल्लीत घाला आणि नसबंदी करून घ्या. टेकडीवर नको.

निवृत्त_कृषी

मी शेतीखात्यात होतो, त्यामुळे माझा संबंध बिळवाल्यांशी जास्त. दोन गोष्टी सांगतो.

साळिंदर. मुळशी, वेल्हे, भोरकडे डोंगरउतारावर दगडाच्या आडोशाने त्याचं बीळ असतं. ते लांबलचक आणि आत प्रशस्त, त्यात नर-मादी आणि मोठी होत आलेली पिल्लं एकत्र. ओळखायचं कसं? तोंडाशी पडलेले काटे, आणि हाडं. साळिंदर शाकाहारी, तरी बिळाच्या तोंडाशी मेलेल्या गुरांची हाडं दिसतात. लोक समजतात बिबट्याची गुहा. साळिंदर ती हाडं कॅल्शियमसाठी आणि दात झिजवण्यासाठी कुरतडतो. हाडावर समांतर रुंद चरे दिसले की समजावं. भुईमूग, रताळी, बटाटा यांची नासाडी करतो हे खरं, आणि त्यावर लोक करतात ते उपाय मी इथे लिहिणार नाही.

दुसरी घूस. शेतातली लहान घूस (मोठी ती वेगळी, शहरी गटारांतली) बिळात धान्याचं कोठार करते. भाताच्या, गव्हाच्या लोंब्या तोडून आत ओढून नेते आणि बाजूच्या खणात रचते. तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग, आणि आत असली की तोंड बहुधा मातीने बंद. बांधावर असे ढीग वाढले की बांध पोकळ झालाच. पूर्वी सुगीनंतर गरीब माणसं ही बिळं उकरून धान्य काढायची, त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

शनिवारपेठी

काका, घुशींचं नाव काढलंत म्हणून. २०१८ च्या सप्टेंबरात दांडेकर पुलाजवळ मुठा कालव्याची भिंत फुटली आणि घरंच्या घरं पाण्यात गेली, तेव्हा खापर घुशी, उंदीर आणि खेकड्यांवर फोडण्यात आलं होतं. त्यांची बाजू मांडायला कोणी नव्हतं. देखभालीचा विषय मग आपोआप मागे पडला.

निवृत्त_कृषी

घूस मातीचा भराव पोकळ करते हे खरं. पण ती एका रात्रीत करत नाही. फेरी मारणाऱ्याला आधी दिसतं. फेरी मारली तर.

आयटीवाला_हिंजवडी

आमच्या बाल्कनीत एसीच्या आउटडोअर युनिटमागे खारीने घरटं केलंय. नारळाच्या शेंड्या, पायपुसण्याचे धागे, आणि माझ्या हेडफोनच्या कानावरचा स्पंज. सर्व्हिसिंगवाला म्हणतो काढून टाकतो.

डॉ_शेपूट

आतून चिवचिवाट येत असेल तर थांबा. पिल्लं डोळे मिटलेली, उघडी असतात, हलवली तर जगत नाहीत. काही आठवड्यांचा प्रश्न आहे. थंडी आहे, एसी तसाही बंद असेल.

रानजाई

चिचुंद्रीबद्दल दोन शब्द, कारण ती बिचारी उंदीर समजून मारली जाते. ती उंदीर नाही, किडे खाते, झुरळं खाते. आमच्या गॅस सिलिंडरच्या मागे रद्दीचे तुकडे आणि चिंध्या ओढून तिने कोपरा केला होता. एका रात्री दिवा लावला तर आई पुढे, आणि तिच्या शेपटीच्या बुडाला तोंडात धरून पहिलं पिल्लू, त्याला धरून दुसरं, तिसरं. अशी आगगाडी ओट्याखालून मोरीकडे निघाली. वळणावर एकाचं तोंड सुटलं तर सगळी थांबली, त्याने परत धरलं, मग निघाली. वास येतो, मान्य. पण झुरळं गेली.

कोथरूडची_काकू

आता माझा खरा प्रश्न. आमच्या सोसायटीत जनरेटरच्या ओट्याखाली मुंगूस आहे. ओट्याची एक फरशी खचलीय, तिथून आत-बाहेर करतं. कमिटीने ठराव केला, फरशी सिमेंटने बुजवायची. मी एकटी विरोधात. मुंगूस असं ओट्याखाली राहतं का, की चुकून आलंय?

मुरमाड

काकू, राहतं. मुंगूस स्वतः बीळ करू शकतं, पण तयार जागा मिळाली तर कशाला कष्ट करेल? दगडांचा ढीग, झाडाच्या मुळांखालची पोकळी, कुंपण, पावसाळी गटार, ओटा, सगळं चालतं. दिवसा बाहेर असतं, संध्याकाळी आत. त्याच्यामुळे तुमच्याकडे उंदीर-घुशी आणि साप कमी असणार, हे कमिटीला आधी सांगा.

तरी बुजवायचंच ठरलं तर जिवंत कोंडू नका. आत पिल्लं असली तर आई बाहेर आणि पिल्लं आत, असं व्हायचं. आधी तोंडाशी वीतभर रुंद पट्टा झाडून घ्या आणि त्यावर काहीतरी बारीक भुरभुरा, पीठ वगैरे. रोज संध्याकाळी आणि सकाळी ठसे बघा. सलग काही दिवस ठसे नाहीत, म्हणजे जागा सोडली. मगच सिमेंट. आणि मागे, कुंपणाच्या कडेला, फुटक्या फरश्या आणि दगड यांचा एक ढीग रचून ठेवा. कचरा दिसतो म्हणून कोणी उचलणार नाही अशा कोपऱ्यात.

कोथरूडची_काकू

ढिगाची परवानगी मिळणार नाही, पण माझ्या पार्किंगच्या मागे रचते, बघू कोण बोलतंय ते. पीठ कणकेचं चालेल?

निवृत्त_कृषी

कणीक नको वहिनी, मुंग्या लागतील आणि उंदीरही येतील, मग ठसे कोणाचे ते कळणार नाही. रांगोळी घ्या, पांढरी, बारीक. वाऱ्याने उडत असेल तर खाली जरा ओली माती थापा. मुंगसाची नखं लांब असतात, बोटांच्या पुढे वेगळे ठिपके उमटतात. मांजर नखं आत घेऊन चालतं, त्याचे उमटत नाहीत. एवढं बघितलंत की झालं.

कोथरूडची_काकू

उद्यापासून जनरेटरपुढे रांगोळी. कमिटीला वाटेल म्हातारीचं वय झालं.